हवेची फळी आणि आपले पाणी

यंदा दिवाळीला पुतण्या पुण्याहून वाटूर फाट्यावर उतरला तो पाठीवर पोत्याएवढी पिशवी घेऊनच. काकू म्हणाली, "घरात गोधड्या काय कमी आहेत का रे, अंथरूण वाहून आणलंस?"

अंगणात त्याने पिशवी उलगडली, पंपाने हवा भरली आणि दहा फूट लांबीची फळी तयार! वाचकहो, ही फळी म्हणजे ट्यूब नव्हे. हिच्या वरच्या आणि खालच्या पदराला हजारो धाग्यांनी आतून बांधलेले असते, म्हणून हवा भरली तरी ती गोल न फुगता सपाट आणि टणक राहते. हवा बारा ते पंधरा पौंड, म्हणजे मोटारसायकलच्या चाकापेक्षा कमीच. तीनशे लिटरची फळी जवळजवळ तीनशे किलो भार तोलते. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेल्या भोपळ्याचेच हे तत्त्व.

पोरगा निघाला थेट शेततळ्याकडे. तिथे मात्र आम्ही त्याला अडवले. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने असा निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. आपल्या जिल्ह्यात शेततळी पुष्कळ, आणि त्यांत बुडण्याच्या बातम्याही आपण वाचतोच. तुमच्याकडे तळे असेल तर फळीचे राहू द्या, आधी चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडा आणि कुंपण घाला. हे काम उद्यावर टाकू नका.

फळीला हवे संथ, मोकळे पाणी. निम्न दुधनाचा फुगवटा आहे, पैठणचा नाथसागर आहे. पण उतरण्यापूर्वी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्यावी, आणि जाळी कुठे लावली आहेत ते मासे धरणाऱ्यांना विचारावे. बुडालेल्या बाभळींचे खुंट तेच दाखवतील. गोव्यात संथ नदीत अशी फळी भाड्याने मिळते, शिकवणाराही सोबत असतो. पहिला धडा तिथे घेतलेला बरा.

सकाळी वारा पडलेला असतो, ती वेळ चांगली. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ओला करायचा नाही, पोहता येत असले तरी! कमरेएवढ्या पाण्यात फळीच्या मधोमध गुडघे टेकून बसा आणि थोडे वल्हवा. मग मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल ठेवून उठा. गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. पायांकडे पाहिलेत की पडलातच. वल्ह्याचे पाते पुढे कललेले धरतात, नवखा हटकून उलटे धरतो. पडायचे तर फळीवर नव्हे, पाण्यात, आणि आडवे. डोके खाली करून कधीच नाही.

आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर वाराच काठाकडे आणतो. वारा उलटला तर पोटावर झोपून हातांनी पाणी मारावे. फळी सोडू नये. फळीची दोरी संथ तळ्यात घोट्याला चालते. वाहत्या नदीत मात्र ती झुडपात अडकली तर माणूस पाण्याखाली जातो. तिथे कमरेला, एका ओढीत सुटणारीच हवी. पुराच्या पाण्यात तर जाऊच नये.

बाहेर काढल्यावर फळी उन्हात टाकू नका. हवा तापून फुगते आणि शिवण उसवते. आमच्या फळीला काकूने कडुनिंबाखाली जागा दिली, आणि जॅकेट स्वतःच्या मापाचे आहे का तेही हळूच पाहून ठेवले.