नखावर तोललेला घोडा

चारशे किलोंचा घोडा चार नखांवर उभा असतो. आपल्या मधल्या बोटाच्या टोकाशी जे हाड असतं, तेच घोड्याच्या प्रत्येक पायात सगळ्यांत खाली असतं, आणि त्याच्याभोवती वाढलेलं नख म्हणजे खूर. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत बाजूची बोटं आटत गेली आणि हा प्राणी एका बोटावर धावू लागला.

खरं नवल त्याच्याही पुढे आहे. ते हाड खुराच्या तळाशी टेकलेलं नसतं, ते खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं. भिंतीच्या आतल्या अंगाला साडेपाचशे ते सहाशे उभे पापुद्रे असतात. हाडाच्या बाजूनंही तेवढेच पापुद्रे निघतात, पण ते जिवंत, रक्तानं भरलेले. दोन जाड पुस्तकांची पानं एकाआड एक खोचली की ती ओढून सुटत नाहीत, तसे हे पापुद्रे एकमेकांत बसतात. शिवाय प्रत्येक पापुद्र्याला दीडशे-दोनशे सूक्ष्म पापुद्रे फुटलेले. एका खुरातला हा सगळा पसारा उलगडला तर तो पाऊण चौरस मीटरहून जास्त भरतो! घोडा चौखूर उधळतो, खड्ड्यावरून उडी घेतो, तेव्हा सगळा भार या पकडीवर येतो, आणि ती सुटत नाही.

ही पकड सुटायला लागते, त्या आजाराचं नाव लॅमिनायटिस.

माळव्याचा इतिहासही याच खुरांवर तोललेला आहे. इथल्या धार आणि देवास या पवारांच्या राजधान्या घोड्याच्या बळावरच उभ्या राहिल्या. धारपासून जवळच्या अमझेऱ्याला २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी माळव्याच्या मोगल सुभेदाराला, गिरधर बहादुराला, गाठून मारलं. उदाजी पवार त्या मोहिमेत होते, आणि मोहिमेचं सगळं बळ होतं घोडदळाच्या वेगात. त्याच्याही सातशे वर्षं आधी याच धारेत राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘शालिहोत्र’ हा अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तो १९५३ साली संपादित करून छापला. भोजाच्याच ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात घोड्यांची पागा कशी बांधावी याला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. आज या भागात घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. पण खूर तोच आहे आणि त्याचा शत्रूही तोच.

हा शत्रू अनेकदा दाण्याच्या पोत्यातून येतो. दावं सुटलं, घोड्यानं रात्रीतून गव्हाच्या किंवा मक्याच्या पोत्यात तोंड घातलं आणि पोटभर खाल्लं. एवढा पिष्टपदार्थ लहान आतड्यात पचत नाही, तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि विषारी द्रव्यं रक्तात शिरतात. दुखणं पोटात सुरू होतं आणि एक-दोन दिवसांनी घोडा लंगडतो पायानं. विण्यानंतर घोडीची वार आत अडकली, तरी विषबाधा याच वाटेनं खुरापर्यंत पोचते. धान्य आणि हा आजार यांचा संबंध फार जुना आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखकांनीही जव जास्त खाल्ल्यानं घोड्याला होणाऱ्या आजाराबद्दल लिहून ठेवलं आहे.

दुसरी वाट अलीकडे उमगली. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिन सतत चढं ठेवलं, साखर मात्र नेहमीइतकीच राहू दिली. तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे मानेवर चरबीची वळी आलेला, ‘खात्यापित्या घरचा’ दिसणारा घोडा पोतं न फोडताही या आजाराच्या उंबरठ्यावर असू शकतो.

दुखणाईत घोडा ओळखायला यंत्र लागत नाही. तो पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर झोकून उभा राहतो, कारण एरवी शरीराचा साठ टक्के भार पुढच्या खुरांवर असतो. एक पाय उचलायला सांगितलं तर उचलत नाही. उचलला तर दुसऱ्यावर भार येणार. खुराला हात लावा, तो गरम लागतो. मग घोट्याच्या मागच्या बाजूला, कडेला बोटं टेकवा. निरोगी घोड्याची नाडी तिथे जेमतेम सापडते, या घोड्याची ठणठण उडत असते. ही नाडी चांगल्या दिवसांत रोज पाहायची सवय ठेवली, तर बिघाड पहिल्या तासांतच कळतो.

आणि पहिले तासच मोलाचे असतात, कारण लंगडणं दिसतं तेव्हा आत पकड ढिली व्हायला सुरुवात झालेली असते. दाणा ताबडतोब बंद करावा आणि पशुवैद्याला बोलवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे; धारहून फार लांब नसलेल्या महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पोतं फोडल्याचं कळलं, तर लंगडण्याची वाट न पाहता पाय बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणावी, फोडून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत पाण्याबरोबर भरावी आणि पिशव्या नडगीपर्यंत चढवाव्यात. हे दोन-तीन दिवस, रात्रंदिवस, बर्फ वितळला की नवा घालत चालवायचं असतं. थंडीनं पापुद्र्यांतल्या विघातक विकरांचं काम मंदावतं. घोड्याचे पाय ही थंडी सहज सोसतात, हेही एक आश्चर्यच.

‘फिरवला की मोकळा होईल’ हा जुना सल्ला इथे घातक ठरतो. प्रत्येक पावलाला ढिली पकड आणखी फाटते. पायाखाली वीतभर रेती पसरावी, म्हणजे तळव्याला खालून आधार मिळतो आणि भिंतीवरचा ताण कमी होतो. घोडा आडवा झाला तर होऊ द्यावा. फिनाइलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं वैद्याच्या मापानंच द्यावीत. जास्त झाली तर पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. खायला सुकं गवत, वजनाच्या दीड टक्का, म्हणजे तीनशे किलोंच्या तट्टाला साडेचार किलो. ते अर्धा-एक तास पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं, कारण गवतातली साखर त्यात उतरते. पण उपाशी ठेवू नये. उपाशी तट्टाच्या रक्तात चरबी उतरते आणि त्यानंच ते दगावू शकतं.

पकड फार सुटली तर मागून ओढणारा स्नायुबंध हाडाचं टोक खाली फिरवतो. किती फिरलं ते एक्स-रेमध्ये दिसतं, आणि त्या चित्रावरून नालबंद खुराचा पुढचा भाग कापतो, टाचेला आधार देतो. इथे वैद्य आणि नालबंद यांनी एकत्र बसून ठरवावं लागतं. हाड तळवा फोडून बाहेर आलं, तर बहुतेक वेळा त्या जिवाची वेदना थांबवणं हीच दया उरते.

पैशानंही हे दुखणं हटत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणाऱ्या सेक्रेटेरिएट या घोड्याला १९८९ साली याच आजारात मरण द्यावं लागलं. २००६ साली केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बार्बारोचा उजवा मागचा पाय मोडला. तो जोडला, पण सगळा भार पेलणाऱ्या डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला. पाय आळीपाळीनं दबतो आणि सुटतो, तेव्हाच खुरात रक्त नीट खेळतं. सतत दबलेल्या खुराचं पोषण तुटतं. जानेवारी २००७ मध्ये बार्बारोलाही निरोप द्यावा लागला.

जे घोडे वाचतात, त्यांना सावरायला वर्ष लागतं. खूर वरच्या कडेपासून महिन्याला सहा ते नऊ मिलिमीटर वाढतो, आणि नवी, घट्ट पकड त्या वाढीबरोबरच खाली उतरते. टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद अशी वळी खुरावर दिसली, तर त्या घोड्यानं हे दुखणं भोगलं आहे असं समजावं.

म्हणून लग्नघरांना एक कळकळीची विनंती. वरातीच्या घोडीला गूळ, पेढे, पोळ्या भरवू नका. एकाच रात्री दहा घरांतून तेच होतं. तिला पाणी द्या, सुकं गवत द्या आणि डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभी ठेवू नका. आणि ज्यांच्या दारात घोडा आहे, त्यांनी दाण्याच्या पोत्याला कुलूप लावावं आणि रोज सकाळी चारही खुरांना हात लावून पाहावा.