बोट लागते म्हणून समुद्र टाळू नका

सुट्टी लागली की ओझर, पिंपळगाव, निफाड भागातील अनेक कुटुंबे मुंबईच्या नातेवाइकांकडे मुक्काम टाकतात. एक सकाळ काढून गेटवेवरून लाँचने मांडव्याला, तेथून अलिबागच्या किनाऱ्यावर आणि दुपारपर्यंत परत, असा अर्ध्या दिवसाचा बेत सोपा व स्वस्त असतो. पण घरात एकजण तरी म्हणतो, "मला कसारा घाटातच उलटी होते, बोटीत काय होईल?" त्या एकासाठी बेत रद्द करण्याचे कारण नाही.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतील द्रव हलला की शरीर हलल्याचे मेंदूला कळते. बोटीत खाली मान घालून बसले की डोळे सांगतात, सर्व स्थिर आहे; कान सांगतो, आपण डोलतो आहोत. या परस्परविरोधी बातम्यांनी मेंदू गोंधळतो. मग जांभया, तोंडाला पाणी सुटणे, थंड घाम व शेवटी उलटी. ज्यांच्या आतल्या कानाचे हे कार्य पूर्ण बंद पडलेले असते, त्यांना बोट लागतच नाही. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. इंग्रजांचा नावाजलेला दर्यासारंग नेल्सन यालाही जन्मभर बोट लागत असे. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास सहसा होत नाही, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वाधिक होतो. अर्धशिशी असणाऱ्यांना व गरोदर स्त्रियांनाही तो अधिक जाणवतो.

उपाय बोटीत चढण्यापूर्वीच सुरू करावा. उपाशीपोटी जाऊ नये आणि वडापाव-मिसळ चापूनही जाऊ नये; पोळी, केळे, बिस्किटे एवढे पुरे. लाँचमध्ये मध्यभागी, खालच्या मजल्यावर, वारा लागेल तेथे बसावे, कारण टोकाला व वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त बसतो. नजर दूर क्षितिजावर ठेवावी. मोबाईलमध्ये डोके घालणे हा उलटीला आमंत्रण देण्याचा हमखास मार्ग आहे. आल्याची वडी किंवा सुंठ चघळल्याने काहींना गुण येतो. आवळासुपारीने अपाय नाही, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. फारच त्रास होणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेल्या मोठ्या रो-रो बोटीने जावे. ती कमी डोलते.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी उपयोगी आहे, मात्र ती तास-दीड तास आधी घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच पडते. तिचा अंमल बराच काळ टिकतो, म्हणून घाटासाठी एक आणि बोटीसाठी दुसरी असे मनानेच करू नये. दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नये. मोठ्या मुलांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारणे आवश्यक. या गोळीने गुंगी येते. त्या दिवशी वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये आणि समुद्रात पोहायलाही उतरू नये. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

उलट्या झाल्याच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. मळमळते म्हणून अंगातले जाकीट मात्र काढू देऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. जाकीट बाकाखाली नको, अंगात हवे आणि त्याचे पट्टे बांधलेले हवेत.

अलिबागला उतरल्यावर मुलांचे लक्ष कुलाबा किल्ल्याकडे जाते. ओहोटीला तेथे चालत जाता येते, भरतीला तो बेट होतो. आपल्याकडे पाणी चढते ते पावसाने किंवा धरणातून सोडल्याने. समुद्राचे पाणी लख्ख उन्हातही चढते. भरती-ओहोटीत सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. परतायची वेळ स्थानिक माणसाला विचारूनच पाण्यात पाय घालावा. याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. गोदावरीत किंवा विहिरीत पोहणाऱ्यानेही कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहावे व हात वर करून मदत मागावी.

बुडालेल्यास बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चुकीची आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी जोराने तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे, कारण फुफ्फुसांना सूज काही तासांनंतरही येऊ शकते.