ट्रंकेतला पेन्शनचा कागद

"आमचे पणजोबा पलटणीत होते." सातारा-सांगलीकडच्या आपल्या वस्त्यांत हे वाक्य घरोघर ऐकू येते. पण कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, असे विचारले की सारे घर गप्प होते. जातीच्या दाखल्यासाठी आपण कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर धुंडाळतोच. मग पणजोबांच्या नोकरीसाठीही थोडी पायपीट का करू नये?

सांगलीकडची मंडळी एक चूक हमखास करतात. जुन्या कागदात ते 'सांगली जिल्हा' शोधतात. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते, तर मिरज, सांगली, जत ही संस्थाने होती. म्हणजे वाळव्याच्या शिपायाच्या कागदावर जिल्हा साताराच असणार. आडनावाचेही तसेच. कांबळे, वाघमारे शोधत बसू नये. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईतील आपल्या २२ वीरांची नावे 'नाक' या शेवटाची आहेत. जुन्या कागदांत अशीच नावे पाहावीत.

पेन्शनचा कागद सापडलाच नाही तर? पणजोबा शिपाई नव्हतेच, असे लगेच मानू नये. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजींसारखे पेन्शनर साताऱ्यात राहत होते, पण पुढच्या पिढीला पलटणीचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा कुठे १९१७ साली '१११ महार' पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये ती मोडलीही! चार वर्षांच्या नोकरीवर पेन्शन कुठली बसणार? जखमी होऊन आलेल्याची किंवा लढाईत पडलेल्याच्या विधवेची गोष्ट वेगळी.

अशा घरात बिल्ला शोधावा. त्या युद्धाच्या चांदीच्या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. दुष्काळात कित्येक बिल्ले सोनाराकडे मोडीत गेले, हे दुःख आम्ही अनेक म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे.

१९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यानंतरच्या जवानांचा शोध पुष्कळ सोपा आहे. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या हुकुमावरचा आर्मी नंबर उतरवून घ्यावा आणि सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. पत्र पाठवताना नंबर, गाव, तालुका आणि आपले नाते स्पष्ट लिहावे. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नये, झेरॉक्सच द्यावी.

आणि ट्रंक उघडाल तेव्हा तळाशी अंथरलेले वर्तमानपत्रही उचलून पाहा. जपायचा कागद त्याखाली सारून ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत होती.