उन्हाळ्यात गाय गाभण राहील का?



मंडळीतील एका ताईंनी मला विचारले, "आमच्या महिला मंडळाने त्या कुटुंबाला गाय दिली, त्याला दीड वर्ष झाले. अजून दुसरे वासरू कसे नाही?" प्रश्न रास्त आहे. गाईंचे काम माझ्याकडे असल्याने उत्तरही मीच द्यायला हवे.

नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. देशी गाय हे ऊन बरेच सोसते. संकरित होल्स्टिन गाय दूध जास्त देते, पण जास्त खाण्याने आणि दूध तयार करण्याने तिच्या अंगातही उष्णता वाढते. गाईचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते. रेतनाच्या सुमारास ते अर्धा अंश वाढले, तरी गर्भ राहण्याची शक्यता घटते. पहिल्या काही दिवसांतला गर्भ फार नाजूक असतो.

दुसरी अडचण माज ओळखण्याची. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. उन्हाळ्यात माज थोडा वेळ टिकतो आणि बहुधा रात्रीच्या गारव्यात दिसतो. त्या घरच्या बाईंना मी एकदा रागावलो होतो, "तुमचे लक्ष नसते." त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, ती रात्री हंबरते. तुम्ही येता दुपारी." चूक माझी होती. भर उन्हाळ्यात मी तीन वेळा रेतन करवून घेतले आणि तिन्ही वेळा गाय उलटली. दर वेळी २१ दिवस वाया गेले, चाऱ्याचा खर्च मात्र चालूच राहिला. गाय व्यापाऱ्याला विकावी, असा विचार घरात सुरू झाला होता.

आता आम्ही आधी अंदाज घेतो. गोठ्यात ओला-कोरडा तापमापक लावतो. दोन्ही तापमानांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणायचे आणि त्यात ४०.६ मिळवायचे. हा झाला तापमान-आर्द्रता निर्देशांक. दुभत्या गाईला ७२ च्या वर ताण सुरू होतो, असे साधारणपणे मानतात. देशी रक्त जास्त असेल तर ती थोडे अधिक सोसते. कोरडे ४० आणि ओले २५ असेल, तर निर्देशांक ८७ च्या पुढे जातो. पावसाळ्यात कोरडे ३० आणि ओले २६ असले, तरी तो जवळजवळ ८१ भरतो. म्हणजे ऊन उतरले, तरी दमट हवेत धोका राहतो.

आकड्याबरोबर गाईकडेही पाहावे लागते. व्यायल्याला किमान ६० दिवस झाले का? मागच्या वेताला वार अडकली होती का? फासळ्या आणि माकडहाडे वर आली आहेत का? सावलीत उभी असतानाही ती मिनिटाला साठाहून अधिक श्वास घेते का? दोन-तीन उत्तरे वाईट आली, तर आम्ही रेतन पुढे ढकलतो आणि आधी गाय सावरतो. पाचटाचे उंच छप्पर, दिवसभर पाणी, चारा पहाटे आणि रात्री, दुपारी अंगावर पाणी आणि वारा, एवढे केले तरी फरक पडतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करतो.

एक गोष्ट मात्र धीर मागते. उन्हाळ्यात बीजांडांना बसलेला फटका ऊन सरल्यावरही दीड-दोन महिने जाणवू शकतो. म्हणून पावसाळ्यात गाय राहिली नाही, तर घरच्यांना दोष देऊ नये. हा अंदाज खात्री देत नाही, पण वाया जाणारे रेतन वाचवतो.

त्या बाईंनी गाय विकली नाही. त्या रात्री दोनदा गोठ्यात फेरी मारू लागल्या. थंडीत निर्देशांक उतरल्यावर, त्यांनीच पहाटे निरोप धाडला आणि रेतन झाले. तीन महिन्यांनी पशुवैद्यांनी तपासून गाय गाभण असल्याचे सांगितले. गाईला नऊ महिने नऊ दिवस लागतात. म्हणून ताई, वासराची वाट अजून थोडी पाहावी लागेल.

पुढील उन्हाळ्यापूर्वी उरलेल्या गोठ्यांवर छपरे घालायची आहेत. या कामासाठी आणि रात्री जागणाऱ्या या बहिणींसाठी आपण प्रार्थना करावी, ही विनंती.