खेळातला असुर कोण ठरवतो?

रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवस्तीवर आता मोबाईल पोहोचला आहे आणि त्याच्याबरोबर व्हिडिओ गेमही पोहोचला आहे. शाळा सुटली की समाजमंदिराच्या पायरीवर चार पोरे एका मोबाईलभोवती घोळका करून बसतात. पडद्यावर दोन योद्धे एकमेकांना ठोसे हाणीत असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरे वाया चालली! आम्हाला मात्र वेगळीच चिंता वाटते. पोर तासभर खेळले म्हणून बिघडत नाही. पण ज्या योद्ध्याच्या अंगात शिरून ते खेळते तो योद्धा कोणी रंगवला, आणि ज्याला मारल्यावर गुण मिळतात तो असुर कोणी ठरवला, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारला पाहिजे. पुराणांबाबत हाच प्रश्न महात्मा फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता.

या लेखाला निमित्त झाला आहे तो पुण्यात तयार होणारा एक खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा लढतीचा खेळ बाजारात आणला. त्याच्या पुढच्या भागाची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. या येऊ घातलेल्या भागाचे नाव आहे 'राजी : कलियुग'. नाव वाचूनच आमचे कान टवकारले. पण त्या खेळाकडे वळण्याआधी असे खेळ चालतात कसे, हे ज्यांनी ते कधी हातात धरले नाहीत अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगणे जरूर आहे.

लढतीच्या खेळाचा सर्वात सरळ प्रकार म्हणजे दोघांची झुंज. सुरुवातीला पडद्यावर योद्ध्यांच्या तसबिरींच्या रांगा येतात. त्यातून एक निवडायचा. दोघांच्या डोक्यावर जीवनशक्तीची पट्टी असते. ठोसा बसला की ती घटते, संपली की तो हरला. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकतात आणि प्रत्येक फटक्याचा हिशोब या चित्रांत मोजलेला असतो. फटका सुरू व्हायला किती चित्रे, लागायला किती, हात मागे घ्यायला किती. जड अंगाचा पहिलवान सावकाश हलतो पण एका पकडीत अर्धी पट्टी रिकामी करतो. चपळ पोरगी पटपट मारते पण तिचा घाव हलका. कोणी एक योद्धा फारच वरचढ ठरू लागला, तर खेळ करणारे नवी दुरुस्ती पाठवून त्याची ताकद कमी करतात आणि दुबळ्याला बळ देतात. ज्या खेळात एकच तसबीर नेहमी जिंकते, तो खेळ लोक टाकून देतात. जन्माने मिळालेला वरचढपणा दुरुस्त करायचा असतो, एवढे शहाणपण या यंत्राला आहे. आपल्या समाजाला मात्र ते पचवायला राज्यघटना लागली, आणि अजूनही नीट पचलेले नाही!

हे झाले नियमांचे. पण योद्ध्याचे रूप ठरवताना हीच मंडळी समतेचे नियम गुंडाळून ठेवतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आणला. त्यात देशोदेशीचे योद्धे होते. भारताच्या वाट्याला कोण आला? ढालसिम नावाचा योगी. हाडकुळा देह, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि रबरासारखे लांब होणारे हातपाय. त्याच्या आखाड्यात हत्ती उभे आणि मागच्या भिंतीवर गणपती. ही शंभर कोटींच्या देशाची जगभर गेलेली तसबीर! २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर सिक्स' मध्येही तोच ढालसिम आहे. जपानी चित्रकाराला दोष देऊन काय उपयोग? भारत म्हणजे योगी, हत्ती आणि गणपती, हे त्याला ज्यांनी सांगितले ते इथलेच आहेत. या देशात गवंडी आहे, खलाशी आहे, गिरणी कामगार आहे, शिपाई आहे, हे त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेच नाही.

याच्याही पुढची पायरी २०१७ मध्ये गाठली गेली. तैवानच्या एका संस्थेने 'फाईट ऑफ गॉड्स' नावाचा झुंजीचा खेळ काढला. झ्यूस, ओडिन, येशू यांच्याबरोबर भगवान बुद्धालाही त्यांनी आखाड्यात उतरवले. मलेशिया सरकार संतापले. त्याने तो खेळ विकणारे अख्खे संकेतस्थळच बंद केले. मग तो खेळ त्या देशापुरता काढून घेतला गेला आणि संकेतस्थळ पुन्हा सुरू झाले. त्या खेळाला मात्र फुकटची प्रसिद्धी मिळाली. बौद्ध म्हणून आमचा आक्षेप बुद्धाने ठोसा मारला एवढ्यापुरता नाही. बुद्धाला देवांच्या रांगेत बसवले, ही मूळ चूक आहे. बाबासाहेबांनी आम्हाला दिलेला बुद्ध माणूस आहे, मार्गदाता आहे. अंगुलीमालाची कथा आमच्या घराघरात सांगितली जाते. तलवार घेतलेला दरोडेखोर जीव तोडून धावतो आणि शांतपणे चालणारा बुद्ध त्याला सापडत नाही. शेवटी थांबावे लागते ते अंगुलीमालालाच. यावर खेळ रचता आला असता. जो थांबायला शिकतो तो जिंकतो, असा नियम कोणी का करू नये? पण तो सुचायला बुद्ध वाचलेला असावा लागतो.

आता पुण्याच्या 'राजी'कडे येऊ. या खेळाचे चांगले ते आधी सांगितले पाहिजे. इथे दोघांची झुंज नाही, एकटी राजी चहूबाजूंनी येणाऱ्या असुरांशी लढते. ती राजकन्या नाही, सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे आणि असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघाली आहे. तिची लढाई तिच्या कसबातून उभी राहते. ती भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन फटका मारते, उडी मारून शत्रूच्या मागे उतरते. आम्हाला तिच्यात गावच्या चौकात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर दिसली. २०१७ मध्ये या मंडळींनी लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी खेळ पुरा केला. मुंबई-पुण्यात बसून जगाच्या बाजारात जाईल असा खेळ करणे सोपे नव्हे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण पुढे काय होते? या कष्टकरी पोरीला स्वतःचे हत्यार नाही. त्रिशूळ दुर्गा देते. तिची गोष्टही दुर्गा आणि विष्णू वरून बघत बघत सांगतात. देवांनी निवडली म्हणून ती शूर! आणि ज्याच्याशी तिला लढायचे आहे त्या असुरांच्या राजाचे नाव काय? महाबलासुर! ज्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून बळीराजा हा आपला न्यायी राजा होता आणि वामनाने त्याला कपटाने गाडले असे ठणकावून सांगितले, त्याच पुण्यात दीडशे वर्षांनी तयार झालेल्या खेळात सर्वात मोठ्या खलनायकाच्या नावात पुन्हा बळ आणि असुर एकत्र येतात! हे कोणी मुद्दाम केले असा आमचा आरोप नाही. मुद्दाम न करताही असे घडते, हीच खरी काळजीची गोष्ट आहे. भारतीय कथा म्हटली की हात आपोआप पुराणाकडे जातो आणि राक्षस म्हटला की आपोआप असुर आठवतो. शेकडो वर्षांच्या कीर्तनाने लावलेले वळण आहे ते.

आमच्या कोकणातील लोकांनी मात्र हे वळण पुरतेपणी गिरवलेले नाही. शिमग्यात दापोली-गुहागरकडे संकासूर निघतो. अंगात काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू आणि हातात दोर. पुराण म्हणते, या शंखासुराने वेद पळवले, म्हणून विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारले. पण गावातली पोरे त्याच्यामागे आनंदाने धावतात, बाया त्याला नवस बोलतात. वेद पळवणारा असुर लोकांचा लाडका कसा झाला, याचे उत्तर पोथीत सापडणार नाही. आम्ही बौद्ध झालो तेव्हा शिमगाही सोडला आणि नवसही सोडले. गावकीच्या सणात आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला राबणूक आणि अवहेलना आली होती. म्हणून संकासुराला हात जोडा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण पात्र म्हणून त्याच्याकडे पाहा! वेश, चाल, आवाज, शस्त्र, सगळे तयार आहे. टोकियोच्या चित्रकाराला हेवा वाटावा असा योद्धा रत्नागिरीच्या अंगणात नाचतो आहे, आणि आमचा पोरगा मोबाईलवर ढालसिम निवडतो आहे.

याच जिल्ह्यातल्या दापोलीत आणखी एक इतिहास आहे. कोकणातील महार शिपायांची सैन्यात मोठी परंपरा होती आणि निवृत्त झालेले अनेक जण दापोलीच्या कॅम्पात राहत. सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ तिथे होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीत संघटना काढली, तिला नाव दिले 'अनार्य दोषपरिहारक मंडळ'. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. ज्या शब्दाने आपल्याला हिणवले जाई तो 'अनार्य' शब्द त्यांनी पाटीवर लिहिला! पुराणाने ज्याला असुर म्हटले त्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य दापोलीच्या पेन्शनर शिपायांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवले. हे शिपाई एकाही खेळात नाहीत. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरली आहेत. त्यात शेवटी 'नाक' असलेली नावे बावीस आहेत. तेही एकाही खेळात नाहीत.

मात्र इथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. आमच्या तरुणांनी खेळ काढला आणि त्यात 'आम्हीच खरी लढवय्यी जात' असे मिरवले, तर ते मनूच्याच वहीत नवे पान जोडणे होईल. लढवय्यी जात ही कल्पना आम्हाला चांगली ठाऊक आहे. इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ती उचलून धरली आणि महारांची सैन्यभरती बंद केली. कालपर्यंत जे शूर होते ते कागदावरच्या एका ओळीने नालायक ठरले. त्याविरुद्ध वलंगकरांनी अर्ज तयार केला. पुढे १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी महारांची पलटण उभी झाली, १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. शौर्य रक्तात नसते, ते संधीत आणि शिस्तीत असते, हा या इतिहासाचा धडा आहे. आपल्या खेळातील योद्धा डोंबाऱ्याची पोरगी असो, दापोलीचा शिपाई असो की मिरकरवाड्याची मासे विकणारी मुसलमान बाई असो, प्रत्येकाची ताकद त्याच्या कामातून आणि कमावलेल्या कसबातून आली पाहिजे. कोणत्या देवाच्या वरदानातून नव्हे, आणि कुळातूनही नव्हे.

आता 'कलियुग' या नावाकडे येऊ. पुराणकारांच्या लेखी कलियुग म्हणजे शूद्र डोके वर काढतात, स्त्रिया ऐकेनाशा होतात, वर्णांची सरमिसळ होते तो काळ. म्हणजे आपल्या मुक्तीची सुरुवात ही त्यांच्या लेखी जगाची बरबादी! ब्राह्मणांनी हे कलियुग न संपणारे का केले, असा प्रश्न बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' मध्ये उभा केला आहे. महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ १९८७ मध्ये प्रकाशित केला तेव्हा केवढे वादळ उठवले गेले, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. पुण्याच्या खेळकर्त्यांनी एकदा तरी हे प्रकरण वाचावे, अशी आमची विनंती आहे. कलियुगातली राजी देवांच्या हुकुमाबाहेर जाऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर ती खरी नायिका ठरेल आणि आम्हीच तिचे पहिले स्वागत करू.

मग काय करायचे? बंदी मागायची का? मलेशियाने बंदी घालून काय मिळवले ते वर आले आहे. 'रिडल्स'वर बंदी मागणारे कोण होते, हेही आम्ही विसरलेलो नाही. आम्हाला दुसऱ्याची पेन्सिल हिसकावून घ्यायची नाही, आमची पेन्सिल हवी आहे. चित्रे आणि हालचाली घडवणारे ब्लेंडर आणि खेळ बांधणारे गोडो ही दोन्ही साधने फुकट मिळतात. लागतो तो एक बरा संगणक, वीज आणि शिकवणारा माणूस. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले, त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद सांगितली. या पैशातून रत्नागिरीला, मंडणगडला, दापोलीला काय मिळणार? अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, आदिवासी मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या किती? की सगळे मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींतच जिरणार? हा प्रश्न आमच्या प्रतिनिधींनी विधिमंडळात विचारलाच पाहिजे.

आणि सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. कोकणात प्रत्येक गावाची गावशाखा आहे आणि तिचे मुंबई मंडळ आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यातून बुद्धविहारात एक संगणक बसतो. चित्र काढणारी पोर प्रत्येक वाडीत असते. गोष्ट सांगणारी म्हातारी असते. गाणे बांधणारा शाहीर असतो. एक खेळ करायला लागणारी माणसे एकाच गावात सापडतात, त्यांना एकत्र बसवणारा कोणी हवा. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश जुन्या पाटी-पेन्सिलीपुरता नव्हता. येत्या चौदा एप्रिलला एका तरी गावशाखेने हे मनावर घ्यावे. समाजमंदिराच्या पायरीवरची ती चार पोरे उद्या स्वतःचा योद्धा रंगवतील, आणि असुर कोण हे पुराणाला न विचारता स्वतः ठरवतील!

जयभीम!