रियाजापुरता आवाज

संगीत शिकणाऱ्याला गुरू हवा, वाद्य हवे आणि रियाजासाठी निवांत वेळ हवा. शहरात राहणाऱ्याला यांखेरीज आणखी एक गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे शेजाऱ्यांची संमती. सतार किंवा बासरी शिकणाऱ्याचे या बाबतीत कसेबसे निभावते. परंतु ज्याने विद्युत् गिटार हाती घेतली, त्याच्यापुढे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. मग दिल्ली असो, पुणे असो वा बंगळूर. भिंती सगळीकडे सारख्याच पातळ असतात.

या वाद्याची रचना ध्यानात घेतली म्हणजे अडचणीचे मूळ कळते. साध्या गिटारचा पोकळ भोपळा तारेचा नाद वाढवतो. विद्युत् गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरकडे पाठवतो. लॉस एंजेलिस येथे ॲडॉल्फ रिकनबॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये अशी गिटार विक्रीस आणली. वाद्यवृंदाच्या कल्लोळात गिटार ऐकू यावी, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. पुढे १९६५ मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी ‘द हू’ या वृंदाच्या मागणीवरून १०० वॅटचा ॲम्प्लिफायर बांधला. म्हणजे जे यंत्र मोठ्या आवाजासाठी जन्माला आले, त्याच्याकडून आपण घरी लहान आवाजाची अपेक्षा करतो.

तेव्हा कमी वॅटचे यंत्र घेतले की काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो फारसा खरा नाही. आपल्या कानाचा हिशेब निराळा आहे. शक्ती दहापट घटवावी, तेव्हा कोठे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. १०० वॅटच्या तुलनेत १० वॅटचा आवाज निम्मा आणि १ वॅटचा साधारण चौथाई भासतो. गिटारसाठी बनवलेला बराच मोठा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ९५ ते १०० डेसिबल इतका आवाज देतो. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरवली आहे. अंतराने आणि भिंतींनी आवाज घटतो हे खरे. तरीही एक वॅट म्हणजे कुजबुज नव्हे. म्हणून खोक्यावरील आकड्यापेक्षा, अगदी हळू लावले असता यंत्र कसे बोलते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

या दृष्टीने तीन प्रकार संभवतात. पहिला निर्वात नळ्यांचा, म्हणजेच व्हॉल्व्हचा. त्याचा भरदार, किंचित फाटलेला स्वर अनेकांना मोहवतो; परंतु त्या स्वरातील पुष्कळसा भाग शेवटच्या नळ्यांवर ताण पडला म्हणजेच उमटतो, आणि ताण म्हणजे मोठा आवाज. असे यंत्र घ्यायचेच असेल, तर शक्ती कमी करण्याची कळ असलेले घ्यावे. येथे एक सावधगिरीची सूचना: स्पीकर काढून ठेवून असे यंत्र कधीही चालवू नये, त्यातील ट्रान्स्फॉर्मर जळण्याचा संभव असतो. दुसरा प्रकार ट्रान्झिस्टरचा. तो स्वस्त, हलका व टिकाऊ असतो. तिसऱ्या प्रकारात नळ्यांच्या स्वराची नक्कल गणिती पद्धतीने केली जाते; हळू आवाजातही तो स्वर बऱ्याच अंशी टिकतो. केवळ घरच्या रियाजासाठी हा तिसरा प्रकार सर्वांत सोयीचा होय.

हळू आवाजाची आणखी एक खोड आहे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज कमी होताच कानाला खर्जाचे स्वर विशेष क्षीण वाटू लागतात. म्हणून स्वर पातळ भासला की खर्जाची कळ थोडी वाढवावी; मात्र थोडीच, कारण भिंतीतून आणि जमिनीतून पलीकडे जातो तो मुख्यतः खर्जच. यंत्र फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी स्टुलावर, जाड गादीच्या तुकड्यावर, कानाच्या उंचीला आणून ठेवावे. तीव्र स्वर विजेरीच्या झोताप्रमाणे सरळ जातात. ते आपल्याला नीट ऐकू आले की आवाज वाढवण्याची गरज उरत नाही.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्यावी. शेजारी उभ्या माणसाशी सहज बोलता येईल इतकाच आवाज ठेवून वाजवावे. कळ शून्यापासून फिरवताच आवाज एकदम उसळत असेल, तर ते यंत्र घराच्या कामाचे नाही. तारा बंद असताना घुमणारी गुणगुण ऐकावी. हेडफोन लावताच स्पीकर बंद होतो का, आणि तानपुरा किंवा मेट्रोनोम सोबत ऐकण्यासाठी जोडणीची सोय आहे का, हे विचारावे. अमेरिकेतून कोणी नातलग यंत्र आणणार असेल, तर ते आपल्या २३० व्होल्टवर चालते ना, याची आधी खात्री करावी. तेथील वीज १२० व्होल्टची असते.

केवळ हेडफोनवर भागवावे काय? टॉम शोल्झ या अभियंता-वादकाने १९८२ मध्ये ‘रॉकमन’ हे कमरेला अडकवण्याजोगे यंत्र काढून ती वाट रूढ केली. तिने शेजारी सुखी होतात. वादकाचे कान मात्र सुरक्षित राहतीलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. आणि आतल्या कानातील एकदा मेलेल्या संवेदक पेशी पुन्हा उगवत नाहीत. बिनतारी हेडफोनपैकी बहुतेकांत स्वर किंचित उशिरा पोचतो आणि तालाची शिस्त बिघडते, म्हणून तारेचाच हेडफोन बरा.

ॲम्प्लिफायर न लावताच रियाज करण्याचा मोह सर्वांत घातक. तार नीट ऐकू येत नाही म्हणून विद्यार्थी ती जोराने छेडू लागतो आणि हाताला तीच सवय जडते. न वाजवलेल्या तारा दाबून धरण्याचे कसबही त्याला साधत नाही, कारण त्यांची कुरकुर त्याला कधी ऐकूच आलेली नसते. पुढे मंचावर दोन्ही दोष दसपट होऊन बाहेर पडतात. यासाठी आवाज हवाच. पण हलका आघात आणि जोराचा आघात यांतील भेद स्पष्ट ऐकू येईल, एवढाच. जे यंत्र त्या मर्यादेत प्रामाणिकपणे बोलते आणि ज्याच्यापुढे आपण रोज निःसंकोचपणे बसू शकतो, तेच घरासाठी निवडावे.