असं का? : टोपलीखाली कोकराला ऊब कशी मिळते?

भातकापणी उरकली की रामनाथपुरमकडचे मेंढपाळ तंजावूरच्या शिवारात उतरतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या आणि जागा बदलत राहायचं, आपल्याकडचे धनगर करतात तसंच. त्यामुळे निवाराही उचलून नेण्याजोगा लागतो. कोवळ्या कोकरांवर विणलेली मोठी टोपली उपडी घालतात. आपल्याकडच्या डालग्याची ही बहीणच.

तंजावूरला जानेवारीतही पहाटेचा पारा विशीच्या आसपास असतो. मग एवढी काळजी कशाला?

मेंढीचं अंग साधारण 39 अंश गरम असतं. पण कोकराचं वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, म्हणून ते लवकर निवतं. त्यात जन्मतः ते ओलं असतं. एक ग्रॅम पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढ्यानं अर्धा लिटर पाणी एका अंशानं गार होईल. वारा सुटला की हे वाळणं वाढतं. शिवाय निरभ्र रात्री उघडं अंग आकाशाकडे उष्णता फेकत राहतं.

टोपली स्वतः ऊब देत नाही. गोधडीसारखी ती कोकराचीच ऊब अडवते: वारा थोपवते, आकाश झाकते, दव स्वतःवर घेते. दोन-तीन कोकरं एकत्र असली तर आणखी बरं.

विणीच्या फटींतून दमट श्वास आणि मुताची वाफ बाहेर जाते. प्लास्टिकनं गच्च झाकलं तर आतलं पाणी कोकराच्या अंगावरच ठिबकेल. मात्र शेकोटीला सरपण हवं, तसा कोकराला आधी आईचा चीक हवा. पोटच रिकामं असेल, तर अडवायला ऊब येणार कुठून?